लगेजच्या डब्यातून कर्जत, पुढे सायकलवर खांडस

मुंबईतून सायकलवर निघून गावाकडच्या शांत रस्त्याला लागायचं म्हटलं, तर ठाणे, कल्याण, बदलापूर मागे पडेपर्यंतच पन्नास-साठ किलोमीटर होतात. हे सगळं अंतर ट्रक, रिक्षा आणि उड्डाणपुलांच्या तोंडाशी जीव मुठीत धरून काढायचं. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला परवानगीच नाही. जुन्या महामार्गाची साईडपट्टी काचांनी आणि फुटलेल्या ट्रक टायरांतून सुटलेल्या बारीक तारांनी भरलेली असते. ही तार केसासारखी पातळ असते. टायरमधून आत शिरली की हवा हळूहळू जाते आणि पंक्चर सापडता सापडत नाही. म्हणून आम्ही सायकली पहाटेच्या पहिल्या कर्जत लोकलने नेतो. ताजे पाय शहराबाहेरच्या रस्त्यासाठी राखून ठेवलेले बरे.

शांत रस्ता शोधायचा तर नकाशात तो कुठे संपतो ते आधी बघायचं. दोन महामार्गांना जोडणारा रस्ता आज कितीही सुना असला, तरी पाच-दहा वर्षांत भरतोच. कर्जत–मुरबाड रस्ता एकेकाळी साधा राज्यमार्ग होता. आता तो शहापूर–मुरबाड–कर्जत–खोपोली या ५४८ अ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाचा भाग झाला, काँक्रीटचा झाला, आणि अवजड गाड्यांना नाशिक महामार्गाकडून पुण्याच्या दिशेला जायची आडवाट मिळाली. याच रस्त्यावरच्या कशेळ्याहून खांडसला जाणारा फाटा मात्र शांत राहिला, कारण पुढे सह्याद्रीची भिंत आहे. खांडसपुढे भीमाशंकरला जायच्या गणपती घाट आणि शिडी घाट या दोन्ही पायवाटा आहेत, तिथे चाक जात नाही. त्यामुळे या रस्त्यावर एसटी, वडापच्या जीपा, ट्रॅक्टर आणि दुधाच्या मोटारसायकली, एवढीच वर्दळ. कशेळ्याहूनच कोथळीगडाच्या पायथ्याच्या आंबिवलीकडे जाणारा रस्ताही याच जातीचा.

नकाशावर आणखी एक गोष्ट तपासतो: उपग्रहचित्रात रस्त्यालगत डोंगर कापल्याचे करडे चट्टे दिसतात का. दिसले तर तिथे खडीचा क्रशर आहे आणि डंपर आलेच. डंपरमधून सांडलेली खडी वळणावर साचते, सायकल घसरते ती तिथेच. फार्महाऊस आणि रिसॉर्टच्या पाट्या जास्त असतील तर शनिवारी दुपारी आणि रविवारी संध्याकाळी त्या रस्त्यावर जाऊ नये. रविवारी उजाडल्यापासून साडेनऊ-दहापर्यंत तेच पाहुणे झोपलेले असतात, आणि तेवढा वेळ पुरतो.

सायकल लोकलमध्ये चढवणं ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत दुर्लक्षिलेली पायरी. जायचं ते लगेजच्या डब्यातून, साध्या डब्यातून नाही. तिकीटखिडकीवर आपल्या तिकिटासोबत सायकलीचं सामानाचं तिकीट काढून खिशात ठेवावं. रविवारी पहाटे डबा बराच रिकामा असतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी भाजीची पोती आणि मासळीच्या पाट्या घेऊन कामावर निघालेली माणसं असतात. तो डबा त्यांचा आहे, आपण त्यांच्या सोयीने कोपऱ्यात उभं राहायचं. दारात सायकल आडवी लावली तर पुढच्या स्टेशनावर बोलणी बसतात, आणि ती रास्तच असतात.

चढण्यापूर्वी गिअर मागच्या सर्वांत मोठ्या दात्यावर, म्हणजे दातेरी चकतीवर, आणून ठेवायचा. याने मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, आत सरकतो आणि फ्रेमच्या रेषेबाहेर कमी डोकावतो. सायकल टेकवायची ती डावी बाजू भिंतीला लावून, म्हणजे चेनची बाजू आपल्या डोळ्यांसमोर राहते. मागच्या ब्रेकचा लिव्हर रबरबँडने करकचून बांधला की गाडीच्या हेलकाव्याने सायकल मागेपुढे पळत नाही. एवढी काळजी घ्यायची ती डिरेलर जिथे अडकवलेला असतो त्या हँगरसाठी. हा ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा मुद्दाम मऊ बनवलेला असतो, कारण धक्का बसला तर फ्रेमऐवजी त्याने वाकावं. पोत्याचा धक्का लागला की तो दोन-तीन मिलिमीटर आत वाकतो. सपाटीवर काही जाणवत नाही, गिअर थोडे खडखडतात इतकंच. मग चढ लागतो, तुम्ही सर्वांत मोठ्या दात्यावर गिअर टाकता, आणि डिरेलर फिरत्या चाकाच्या तारांत शिरतो. डिरेलर तुटतो, दोन-चार तारा जातात, कधी फ्रेमही चिरते, आणि ही दुरुस्ती कर्जतपासून खोपोलीपर्यंत कुठल्याही गावात होत नाही.

म्हणून कर्जतच्या फलाटावर उतरलं की दोन मिनिटं याला द्यायची. सायकलीच्या मागे बसून बघायचं. डिरेलरची दोन्ही छोटी चाकं आणि वरचा दाता एका उभ्या रेषेत दिसले पाहिजेत. मग मागचं चाक उचलून पेडल हाताने फिरवत एकेक गिअर सावकाश चढवायचा. सर्वांत मोठ्या दात्यावर डिरेलरचा पिंजरा आणि तारा यांत स्वच्छ फट दिसली पाहिजे. ती नसेल तर त्या दिवशी सर्वांत मोठा दाता वापरायचा नाही. सुटा हँगर जवळ ठेवावा. तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, दुसऱ्याचा आपल्याला बसत नाही, त्यामुळे सायकल घेतानाच जास्तीचा मागून घ्यावा. कर्जत हे शेवटचं स्टेशन, उतरायला घाई नसते. नेरळला उतरायचं असेल तर गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते. वांगणी गेलं की उठायचं, शेलूला सायकल दाराशी हवी.

टायरमधली हवा घरीच भरून निघायचं. २८ मिलिमीटरचा टायर ही या भागासाठी किमान रुंदी, आणि फ्रेममध्ये ३२ बसत असेल तर तोच लावावा. साधारण सत्तर किलो वजनाच्या माणसाने ट्यूबच्या २८ टायरमध्ये मागे ७० आणि पुढे ६५ पीएसआय, ३२ मध्ये मागे ५५ आणि पुढे ५० ठेवावं. बरेच जण टायरच्या कडेवर छापलेला कमाल आकडा गाठतात. त्याने खडबडीत डांबरावर सायकल उड्या मारते, हातांना मुंग्या येतात आणि वेग कमीच होतो. उलट हवा फार कमी असेल तर गतिरोधकावर ट्यूब रिमच्या दोन कडांत चेमटते आणि शेजारी शेजारी दोन बारीक चिरा पडतात. पंक्चर काढताना अशा जोडचिरा दिसल्या तर काटा शोधत बसू नये, हवा वाढवावी.

कर्जतहून कडावमार्गे कशेळे साधारण पंधरा-सोळा किलोमीटर. हा काँक्रीटचा टप्पा लवकर उरकावा, सातच्या आत कशेळे गाठलं तर उत्तम. काँक्रीटवर खड्डे नसतात, पण दोन गोष्टी सांभाळायच्या. दोन पट्ट्यांमधला लांबीचा सांधा काही ठिकाणी उघडा पडलेला असतो. आडवा सांधा नुसता दणका देतो, लांबीचा सांधा मात्र २५ चं चाक आत धरून ठेवतो. तो ओलांडायचा तर जमेल तेवढ्या तिरक्या कोनात, हँडल हलकं धरून. दुसरी गोष्ट रस्त्याची कड. काँक्रीट आणि मातीच्या साईडपट्टीत वीतभर उंचीचा फरक असतो. मागून ट्रकने हॉर्न दिला की माणूस दचकून खाली उतरतो, आणि लगेच तशाच सरळ रेषेत वर यायला बघतो. पुढचं चाक कडेला घासत राहतं, वर चढत नाही, आणि सायकलस्वार थेट रहदारीच्या बाजूला पडतो. उतरलात तर थांबा, पाय टेका, सायकल उचलून वर ठेवा.

कशेळ्याला पोटपूजा करून घ्यावी. पुढे चहाच्या टपऱ्या आहेत, पण त्या उघड्या असतीलच असं नाही. दोन्ही बाटल्या इथेच भरायच्या. थंडीत ताशी अर्धा लिटर पाणी पुरतं, मार्चनंतर लिटरभरही कमी पडतं. एका बाटलीत साधं पाणी आणि दुसरीत मीठ-साखरेचं ठेवतो. प्रमाण जीवनरक्षक द्रावणाचंच: एक लिटर पाण्याला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वरून लिंबू. मीठ यापेक्षा वाढवायचं नाही, त्याने तहान भागायच्या ऐवजी वाढते. कोकमाचं आगळ घातलं तर त्यातही मीठ असतं हे धरून हात आखडावा.

आता खांडसचा रस्ता. अंतर बारा-चौदा किलोमीटर. सलग मोठा चढ कुठे नाही, पण ओढे उतरायचे आणि पलीकडे चढायचे असं सतत चालतं. ५०–३४ ची क्रँक (पुढच्या दोन चकत्यांचे दात) आणि ११–३२ ची कॅसेट (मागच्या सर्वांत लहान आणि मोठ्या चकतीचे दात) असेल तर इथे बसून चढता येतं. समोर भीमाशंकरची रांग पूर्ण रुंदीने उभी असते, उजवीकडे पदरगड. सूर्य याच भिंतीमागून वर येत असल्यामुळे पायथ्याच्या गावांत ऊन उशिरा पोचतं, आणि मार्चमध्येही सकाळी साडेसातपर्यंत हवा गार मिळते. मुंबईजवळ असे सावलीचे रस्ते फार थोडे आहेत.

इथलं डांबर जुनं, मधे मधे उखडलेलं. गाड्यांच्या चाकोऱ्यांतला भाग गुळगुळीत असतो, मधला कणा आणि कडा खडीच्या. डाव्या चाकोरीत चालवायचं, कडेला चिकटून नाही. कडेला बाभळीचे आणि बोरीचे काटे वाऱ्याने गोळा होतात. गावाच्या वेशीवरचे गतिरोधक गावकऱ्यांनी स्वतः घातलेले, रंग नसलेले आणि उभ्या उताराचे. ते ओळखायचे कसे? शाळा, देऊळ किंवा पहिलं घर दिसलं की पुढच्या पन्नास मीटरांत एक आहेच असं धरून चालायचं. पेडल समांतर ठेवून बूड सीटवरून उचलायचं आणि गुडघे सैल सोडायचे. कुत्रा मागे लागला तर पळू नये. वेग कमी करावा, त्याच्याकडे बघून ठाम आवाजात ‘हाड’ म्हणावं, फारच जवळ आला तर उतरून सायकल मधे धरावी. शंभरातली नव्वद कुत्री उतरलेल्या माणसाचा नाद सोडतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रस्त्यावर पेंढा असतो. भात कापून झोडलं की उरलेला पेंढा वाळायला आणि गाड्यांखाली मळायला डांबरावर पसरतात. कोरडा पेंढा दिसायला निरुपद्रवी, पण त्यावर ब्रेक मारला की चाक सरकतं, आणि काड्या डिरेलरच्या खालच्या चाकात गुंडाळल्या जातात. तिथे पेडल जड लागताच थांबायचं, जोर करायचा नाही. चेन मागे फिरवून काड्या बोटांनी उपसायच्या. जोर केला तर तोच वाकलेल्या हँगरचा खेळ. ज्यांचं भात पसरलेलं असतं त्यांच्या ढिगाला बगल देऊन जावं. वर्षाचं धान्य आहे ते. जागा अजिबातच नसेल तर उतरून सायकल उचलावी, दहा पावलांचा प्रश्न असतो.

वाट विचारायची झाली तर ‘मावशी, हा रस्ता खांडसला जातो ना?’ असं विचारू नये, कारण ‘ना’ ऐकलं की समोरचा माणूस पाहुण्याला नाही कशाला म्हणा या विचाराने होकार देतो. ‘काका, हा रस्ता कुठं जातो?’ असं विचारावं. आणि पुढे डांबर आहे की नाही, हेही. ‘गाडी जाते’ याचा अर्थ ट्रॅक्टर जातो असाही असू शकतो.

पंक्चर झालंच तर घाईने नवी ट्यूब घालू नका. आधी टायरवरचं नाव व्हॉल्व्हच्या समोर बसवायची सवय हवी. तशी असेल तर ट्यूबमधलं भोक कुठे आहे त्यावरून टायरमधली काट्याची जागा लगेच कळते. टायरच्या आतून रुमाल फिरवायचा, काटा असेल तिथे धागा अडकतो. नुसती बोटं फिरवली तर बोट फाटतं आणि तार निसटते. काटा बाहेरून उपटू नये, टोक मोडून आत राहतं, आतून ढकलायचा. पॅच लावायचा तर पॅचपेक्षा मोठा भाग कानशीने घासून मंद करायचा, सोल्युशन पातळ लावायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. बोटाला चिकटेनासं झालं की मगच पॅच. बहुतेक पॅच सुटतात ते ओल्या सोल्युशनवर लावल्यामुळे. टायरच फाटला असेल तर जुन्या टायरचा बोटभर तुकडा आतून लावून घर गाठता येतं. तो घरूनच कापून पिशवीत ठेवलेला असावा.

एक लहानशी वस्तू मात्र विसरू नये: प्रेस्टा, म्हणजे अशा सायकलींच्या बारीक व्हॉल्व्हवर चढवायचा पितळी अडॅप्टर. गावातल्या पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर असतो, पण त्याचं तोंड मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचं. अडॅप्टर असला की काम होतं. दुकानदाराला सांगून हवा थोडी थोडी भरायला लावायची, अरुंद टायर त्या कॉम्प्रेसरवर काही सेकंदांत गच्च होतो.

पावसाळ्यात हाच रस्ता हिरवागार असतो, आणि धोके पूर्ण बदलतात. सावलीतल्या वळणांवर आणि मोऱ्यांवर शेवाळ धरतं. काळ्या डांबरावर ते हिरवं दिसत नाही, फक्त जरा चकाकतं. तिथे ब्रेकही नको आणि वळणंही नको, आधीच वेग उतरवून सरळ पार व्हायचं. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं. घोट्याएवढं पाणीही वेगात असेल तर सायकलचं चाक आडवं ढकलतं, आणि खालची फरशी वाहून गेली आहे का ते वरून दिसत नाही. रिमब्रेकवाल्यांच्या पॅडमध्ये चिखलातली रेती रुतते, ती रिम खरवडते. खर्र आवाज आला की पॅड टोकदार वस्तूने साफ करायचे. उन्हाळ्यात याच परिसरात पेज नदीला भरपूर पाणी बघून लोक उतरतात. ते भिवपुरी वीजकेंद्रातून सोडलेलं पाणी असतं. केंद्र चालू झालं की पातळी एकदम वाढते. काठावर बसून तोंड धुवावं, मधे जाऊ नये.

परत येताना कशेळ्याहून कळंबमार्गे नेरळ धरलं की एकूण साठ-पासष्ट किलोमीटर होतात. नेरळ–कळंब रस्त्यावर दहिवलीजवळ उल्हास ओलांडावी लागते. जोराच्या पावसात हा पूल पाण्याखाली जातो, तेव्हा आल्या वाटेने कर्जतलाच परतावं.

नेरळला पोचल्यावर माथेरानचा घाट समोर दिसतो आणि पायांत दम असला तर मोह होतो. त्या चढाचा हिशेब आधी करावा. १९०७ मध्ये सुरू झालेली नेरळ–माथेरान छोटी रेल्वे हीच चढाई करायला वीस किलोमीटर वळणं घेते, आणि तिचा सर्वांत तीव्र चढ वीसास एक आहे. सडक दस्तुरी नाक्यापर्यंत ती आठ-एक किलोमीटरांत उरकते, म्हणजे सरासरी बारास एकच्या आसपास, आणि काही वळणं त्याहून बरीच उभी. ३४–३२ च्या गिअरवर मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी आठ किलोमीटर वेग मिळतो. म्हणजे न थांबता तासभर. साठ फेऱ्या टिकत नसतील तर गुडघ्यांवर भार येतो. ११–३४ ची कॅसेट लावल्याशिवाय जाऊ नये. उजव्या-डाव्या वळणाचा फरकही इथे मोठा आहे. डावं वळण आतून घेतलं तर चढ दुप्पट होतो, म्हणून समोर गाडी नसेल तर बाहेरून घ्यावं. टॅक्सीवाले दुसऱ्या गिअरात घुरघुरत येतात, त्यांना मधे थांबवलं तर पुन्हा निघणं कठीण. आवाज आला की कडेला होऊन वाट द्यावी. उतरताना ब्रेक सतत दाबून धरायचे नाहीत. वळणापूर्वी दोन्ही जोरात, मग सोडायचे, पुन्हा दाबायचे. निम्म्यावर थांबून रिमला बोट लावून बघावं. बोट टिकत नसेल तर पाच मिनिटं थांबावं, नाहीतर तापून ट्यूब फुटते. साठ किलोमीटर झाल्यावर हा घाट आम्ही करत नाही. त्यासाठी वेगळा दिवस ठेवावा.

रविवारी परतताना मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आदल्या दिवशीच तपासलेला असावा. गाड्या रद्द झाल्या तर पुढच्या गाडीला दुप्पट गर्दी, आणि मग लगेजच्या डब्यातही सायकलीला जागा उरत नाही. अकराच्या आत नेरळ सोडलं तर सहसा अडचण येत नाही.

घरी आल्यावर सायकल तशीच बाल्कनीत टाकू नये. मुंबईच्या दमट खाऱ्या हवेत धुळीने माखलेल्या चेनवर दोन दिवसांत तांबूस थर येतो. कोरड्या फडक्याने चेन पुसून, प्रत्येक कडीच्या रोलरवर तेलाचा एकेक थेंब टाकून, पाच मिनिटांनी वरचं तेल पुसून काढायचं. बाहेर राहिलेलं तेल धूळच धरतं. टायर ओल्या फडक्याने पुसून चिरांत रुतलेले काचेचे कण सुईने काढायचे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हवा अंगठ्याने दाबून बघायची. रात्रीत एखादा टायर मऊ झाला असेल तर महामार्गावरची ती बारीक तार अजून आतच आहे.